सारजाबाईंचा भराव

माझ्या सासूबाई दगडाच्या मुलखातून आलेल्या. जिंतूरच्या वर, माळावर त्यांचं माहेर. तिथं जमीन उकरली की टीचभर माती लागते अन् खाली नुसता मुरूम. त्यांना दिलं झरीला, आणि झरीच्या शिवारात कुत्र्याला हाणायचं म्हटलं तर खडा सापडत नाही. मी शाळेत शिकवते, वाढवून सांगायची सवय मला नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी चुलीला टेकण लावायला दगड मागितला, तर घरातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. शेवटी सासऱ्यांनी कुठून तरी अर्धी वीट आणून दिली.

सारजाबाई त्यांचं नाव. आज सत्तरीला टेकल्यात. बोलणं असं, की समोरच्यानं दोन दिवस झोपेत उत्तर शोधावं. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला आमच्या घराचं सांगावं लागेल. परभणीत बांधलेलं हे घर टिकणार की मोडणार, हे दीड वर्ष कुणालाच ठाऊक नव्हतं. अन् त्या दीड वर्षात, त्यांच्यासाठी पूर्वेची खोली काढलेली असताना, सासूबाई एकदाही इथं मुक्कामाला राहिल्या नाहीत. सासरे आता नाहीत, तरी झरीला एकट्या राहिल्या.

त्यांचं अन् काळ्या मातीचं नातं पहिल्या उन्हाळ्यापासूनचं. नवी नवरी वैशाखात शेतात गेली, तर जमीन तडकलेली. भेगा साध्यासुध्या नव्हत्या, आख्खा पाय मांडीपर्यंत जाईल अशा. त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या वासराचा पाय भेगेत जाऊन मोडला होता. सासूबाईंनी कासऱ्याला खुरपं बांधलं अन् भेगेत सोडलं. चार हात कासरा आत गेला तरी खुरपं टेकलं नाही. सासरे म्हणाले, "वर घे, न्हाईतर पाताळातले लोक खुरपं ठेवून घेतील."

"म्या घाबरले," असं त्या मला सांगायच्या. सासूबाई घाबरल्या असं मी त्यांच्या तोंडून तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल ऐकलंय. "आमच्या माळावरची जमीन मेलेली. जिथं ठेवली तिथंच. ही जित्ती हाय. उन्हाळ्यात आ वासती, पावसाळ्यात फुगती, वरची माती खाली घेती, खालची वर आणती. माणसानं नांगरलं काय अन् न्हाई नांगरलं काय, ही आपली आपण नांगरत बसती."

मी गंगाखेडकडची, गोदाकाठची. काळ्यातच वाढले, त्यामुळं मला त्यात कधी काही नवल वाटलं नव्हतं. नवल वाटायला बाहेरून यावं लागतं. सासूबाई बाहेरून आल्या होत्या, म्हणून त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसायचं.

पुढं रोजगार हमीवर रस्त्याचं काम निघालं. चार वर्षं त्या पाट्या वाहायला जात होत्या. रस्ता करताना आधी काळी माती खरडून बाजूला काढायची अन् मग माळावरून आलेला मुरूम ओतायचा. पहिल्या वर्षी एका तुकड्यात काळी तशीच राहिली, तर पावसाळ्यात रस्ता असा वर आला की बैलगाडी अडकली. ते सगळं पुन्हा डोक्यावर वाहून काढावं लागलं. ते ओझं त्यांच्या मानेत आजपण आहे, थंडीत मान अवघडते.

जुनी माणसं शेताला काळी म्हणायची अन् गावाला पांढरी. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. झरीचं जुनं गाव बघा, जरा उंचवट्यावर, पांढरट मातीवर बसलंय. आमच्या पिढीनं मात्र शहर काळीत नेऊन बसवलं. परभणीच्या भोवती काल कापूस होता तिथं आज चुन्यानं आखलेले प्लॉट आहेत अन् प्रत्येक वसाहतीला कुठल्या ना कुठल्या नगराचं नाव आहे. त्यातलाच एक प्लॉट आमचा.

माझा नवरा शिवशंकर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा माणूस. पण घर बांधायला काढलं अन् त्याच्यातला शेतकरी जागा झाला. खड्डे घेतले, तर अकरा फुटांवर मुरूम लागला. अकरा फूट नुसती काळीभोर माती. गुत्तेदारानं कॉलम नीट मुरमावर टेकवले, त्यात खोट नाही. मग जोत्याच्या आत भराव घालायची वेळ आली. गुत्तेदार म्हणाला, ही माती उचलून नाल्याकडं टाकतो अन् भरावाला मुरूम मागवतो.

शिवशंकरनं एक ढेकूळ हातात घेतलं, चुरलं, वास घेतला. "ही टाकायची? अशा मातीला लोक हात जोडतात," तो म्हणाला. "मुरूम आणायचा, ज्यात कुसळ उगवत न्हाई, अन् ही नाल्यात घालायची? पाप लागंल."

आणि मी काय केलं? मी मान डोलावली. वर आणखी म्हणाले, झरीच्या शेतातली पाच पाट्या माती आणून देवघराखाली टाकू, आपली माती आपल्या पायाखाली राहील. शिकलेली बाई मी, पोरांना मातीचे प्रकार शिकवते, फळ्यावर लिहून देते की काळी मृदा पाण्यानं फुगते अन् उन्हानं आकसते. ते परीक्षेपुरतं. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगणार कुणाला. सगळी काळी आम्ही हौसेनं घरात भरली, पाणी मारलं, ठोकून बसवली, वर फरशी घातली.

सासूबाई तेव्हा माहेरी होत्या. त्यांचे धाकटे भाऊ आप्पाराव ऊसतोडीला गेले होते, तिथं ट्रॉलीवरून पडून पाय मोडला, म्हणून त्या दोन महिने तिकडं. आल्या त्या थेट वास्तुशांतीला. उंबरा ओलांडला, चार पावलं चालल्या अन् थांबल्या. टाचेनं फरशीवर एकदा मारलं.

"शिवा, भराव कशाचा रे?"

"आपल्या मातीचा," शिवशंकर छाती काढून म्हणाला. "इथलीच निघालेली. अशी माती मागून मिळत न्हाई."

"मुरूम न्हाई घातला?"

"मुरूम कशाला? त्यात काय उगवतंय?"

"मग घरात काय पेरणार हायेस तू?"

पाहुणे हसले. शिवशंकरपण हसला. सासूबाई हसल्या नाहीत. दोन घास खाल्ले, हात धुतला अन् मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पंकजा, हे काढा. भराव बदला, मग म्या मुक्कामाला येते." संध्याकाळच्या एसटीनं झरीला निघूनही गेल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. चारचौघांत नव्या घराला नाव ठेवलं म्हणून मी आठ दिवस त्यांना फोन केला नाही.

आषाढात कोपऱ्यातली एक फरशी वर आली. श्रावणात बैठकीचा मधला भाग तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला. पेन्सिल ठेवली की घरंगळत भिंतीला जायची. भिंतीच्या गिलाव्यात जिन्यासारखी चीर गेली. स्वयंपाकघराचं दार चौकटीत आवळलं. शिवशंकर रंधा घेऊन दार तासायचा, पंधरा दिवसांनी परत आवळायचं. आमच्या नगरातली आणखी दोन घरं अशीच होती. त्यांचे मालकही शेतकऱ्याचेच लेक.

मग एक दिवस आमची लेक अपेक्षा न्हाणीघरात अडकली. नववीतली पोर. दार आतून लावलं अन् उघडेना. मी बाहेरून ढकलतेय, ती आतून ओढतेय, आणि वरून चौकटीतून बारीक बारीक माती गळतेय. सव्वा तास लागला. शिवशंकरनं शेवटी पहारीनं चौकट उचकटली. पोर बाहेर आली ती पांढरीफटक. त्यानंतर कित्येक दिवस ती दार पुरतं लावायची नाही, मला बाहेर उभं करायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की हे घर आपल्या अंगावर पडू शकतं.

शिवशंकर दुसऱ्या दिवशी झरीला गेला. मला वाटलं, आता सासूबाई त्याची चांगली हजेरी घेणार. घेतली नाही. लेकाचं तोंड बघूनच कळलं असावं. म्हणाल्या, "आता वलं हाय. वल्या काळीशी भांडायचं न्हाई, ती ऐकत न्हाई. उन्हाळा येऊ दे. तवर पोरीला दार लावू देऊ नको."

तो हिवाळा आम्ही जीव मुठीत धरून काढला. थंडी सरली अन् फुगलेलं खाली बसायला लागलं. मला बरं वाटलं, म्हटलं चला, झालं. कसलं झालं. चैत्रात फरशीवर चाललं की पोकळ आवाज यायला लागला, जसा रिकाम्या रांजणावर टिचकी मारल्यावर येतो.

वैशाखात सामान पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं अन् सासूबाई आल्या. दिवसा यायच्या, संध्याकाळी जायच्या. फरशी फोडायला चार गडी लावले होते. पहिल्या गड्यानं बैठकीत घण मारला आणि फरशीचा तुकडा खाली पडला. खाली म्हणजे हातभर खाली. फरशीच्या अन् मातीच्या मध्ये हातभर पोकळी झाली होती, आणि आम्ही महिनाभर तिच्यावर बसून जेवत होतो. त्या पोकळीच्या खाली, माझ्या घराच्या आत, चार भिंतींच्या मध्ये, जमीन तडकलेली होती. शेतातल्यासारखीच, तशाच भेगा.

सासूबाई खाली बसल्या अन् एका भेगेत हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा भेगेला टेकला. त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. तोंडावर राग नव्हता, 'बघ मी सांगितलं होतं' असंही नव्हतं. लहान पोरीनं काहीतरी अजब बघावं तसं तोंड झालं होतं.

मीपण हात घातला. आत गार होतं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन अन् आत ओल. वर्षापूर्वी घमेलं घमेलं मोजून, ठोकून ही माती आम्ही कोंडली होती. वर छप्पर घातलं, देव मांडले, दिवाणखाना केला. तिला त्याचं काहीच नव्हतं. पावसाळा आला तशी ती फुगली, उन्हाळा आला तशी तडकली, जशी हजारो वर्षं करत आलीय. इतकी वर्षं जिच्यातलं खाल्लं तिला मी त्या दिवशी ओळखलं.

चार गड्यांनी तीन दिवसांत घराच्या पोटातली काळी काढून दारासमोर ढीग घातला. आता ती नेऊन टाकायची कुठं? गुत्तेदाराचं उत्तर ठरलेलं, नाला. आसपासच्या शेतकऱ्यांना विचारलं, ते म्हणाले आमच्याकडं काय काळीचा दुष्काळ आहे का. शिवशंकर ढिगासमोर उभा. घर फुटलं तरी हा माणूस तेच ढेकूळ हातात घेऊन उभा.

"नाल्यात न्हाई टाकायची," सासूबाई म्हणाल्या. "आप्पाच्या माळावर न्यायची. अन् येताना त्याच टिप्परमधून त्याच्याच माळावरचा मुरूम आणायचा. जाताना भरलेला, येताना भरलेला."

इतकं साधं होतं ते. माळाला माती नाही, काळीला मुरूम नाही. दोघांच्या मध्ये नुसता एक रस्ता, आणि त्या रस्त्याचा मुरूम या बाईनं डोक्यावर वाहिलेला. शिवशंकरनं तहसिलातून मुरमाचा परवाना काढला, त्यात आठवडा गेला. मग टिप्परच्या सहा खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला मी अन् सासूबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसून वर गेलो.

झरी गेलं, बोरी गेलं. दोन्ही बाजूंनी सपाट, नांगरून ठेवलेली काळी, जिथवर नजर जाईल तिथवर. जिंतूर मागं पडलं अन् रस्ता वर चढायला लागला. माती तांबूस झाली, मग विटकरी, मग दिसेनाशी झाली. बांधावर दगड दिसायला लागले, मग दगडांचेच बांध. कापसाच्या पळाट्या संपल्या अन् वाळलेलं गवत सुरू झालं, त्यात शेळ्या अन् तांबड्या गाई. वर टिप्पर थांबला, मी खाली उतरले अन् मागं वळून बघितलं.

माझा आख्खा जिल्हा माझ्या पायाखाली पसरला होता. मी या जिल्ह्यात जन्मले, पंचवीस वर्षं इथल्या पोरांना नकाशा शिकवला, पण हा मुलूख असा मी कधी बघितला नव्हता. तळहातासारखं मैदान. त्यावर पांढरट ठिपके म्हणजे गावं, एक ना एक उंचवट्यावर. दूर उन्हाच्या धुरक्यात आभाळाला टेकलेली परभणीची बाजू. कुठं ज्वारी येणार, कुठं शेळी चरणार, कुठं गाव बसणार, कुठला माणूस कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, हे सगळं पायाखाली किती हात माती आहे त्यावर ठरलेलं.

"इथूनच बाबांनी बोट करून दाखविलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणले, सारजा, तुला खाली काळ्यात देतो. तिथं उपाशी मरायची न्हाईस. बहात्तरच्या दुष्काळात आमी बरबडा, गवताचं बी, खाल्लेला. बाबा लय खूश होते. आप्पा तवा एवढासा, कमरेइतका."

आप्पामामा लंगडत आले. चार एकर माळ त्यांचा, त्यावर आजवर गवताशिवाय काही आलं नाही. टिप्परनं काळी ओतली. मामा ढिगापाशी गेले, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, मग त्या मातीवर पाय ठेवला. घराच्या उताराला त्यांनी आधीच गुडघाभर दगडी बांध रचून ठेवला होता, पावसानं एक मूठही वाहून जाऊ नये म्हणून. सहा खेपांची माती त्यांनी मोडक्या पायानं, फावड्यानं ओढून वीतभर थरानं पसरली. तीन गुंठे झाली.

खाली आमच्या घरात मुरूम आला. थरावर थर, पाणी मारून, धुम्मसनं ठोकून. वर जुन्याच फरश्या बसवल्या. मी म्हटलं, आत्याबाई, आता तरी राहा. तर म्हणाल्या, "एक पावसाळा जाऊ दे. शहाण्यानं काळीच्या नादानं दोनदा फसू नये."

तो पावसाळा मी मोजून काढला. शिवशंकर रोज सकाळी बैठकीच्या मधोमध ताटात काठोकाठ पाणी ठेवून बघायचा, कुठल्या बाजूला सांडतंय. भादव्यात चार दिवस नुसता ओतला. शेजारच्यांची कंपाउंडची भिंत कलली. आमच्या ताटातलं पाणी जागचं हललं नाही. सासूबाई पंधरा दिवसांनी यायच्या, टाचेनं फरशी वाजवायच्या, दारं उघडून लावून बघायच्या अन् संध्याकाळची एसटी धरायच्या. शेवटच्या खेपेला त्यांनी न्हाणीघराचं दार एका बोटानं ढकललं, ते आवाज न करता लागलं. अपेक्षाला म्हणाल्या, "जा, खुशाल आंघोळ कर. कडी लाव."

भाऊबीजेला त्या झरीहून आल्या त्या पत्र्याची पेटी घेऊन. अंथरूण, कपडे, देवाचा टाक, सगळं. पूर्वेच्या खोलीत पेटी ठेवली. दुपारी आप्पामामा आले, जिंतूरच्या गाडीनं, अर्धं पोतं पाठीवर घेऊन. ओवाळून झालं. बहिणीच्या ताटात टाकायला मामांनी खिशात हात घातला नाही. पोतं पुढं ओढलं अन् तोंड सोडलं. ज्वारी होती.

"आक्का, हे माळावरचं हाय," ते म्हणाले. "तुझ्या घरातल्या मातीचं."

सासूबाईंनी मूठ भरून घेतली. मामा खाली बघत बोलत राहिले. "पन्नास वर्षं तू माहेराला येताना धडप्यात पीठ बांधून आणायलीस. लेक माहेराला येती अन् आपली भाकर आपण घेऊन येती. तू म्हणायचीस, सहज आणलं. म्या गाठोडं बघायचो अन् माझी मान वर व्हायची न्हाई."

सासूबाईंनी मुठीतली ज्वारी पदराच्या गाठीत बांधली. संध्याकाळी त्याच ज्वारीच्या भाकरी झाल्या. सगळे मुरमावरच्या सपाट फरशीवर मांडी घालून बसलो अन् आमच्या घरातली माती आमच्याच ताटात आली. शिवशंकर दर घासाला भाकरीकडं बघत होता. रात्री त्या पहिल्यांदा आमच्या घरी झोपल्या.

सकाळी मामांबरोबर दोन दिवस माहेरी जायचं ठरलं. "परवा येते, माझी खोली झाडून ठेव," म्हणाल्या. माझी खोली. मग सवयीनं स्वयंपाकघरात गेल्या, डब्याचं झाकण काढलं, धडपं अंथरलं, दोन ओंजळी पीठ घातलं. अन् थांबल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी धडपं उचललं, पीठ परत डब्यात झटकलं, डबा लावला.

रिकाम्या हातांनी त्या फाटकापर्यंत गेल्या. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळंना. पदराला धरून बघितलं, कमरेवर ठेवून बघितलं. शेवटी त्यांनी भावाचा हात धरला, अन् दोघं एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले.